व्यवहार-विवेक : संकेतस्थळाचा जमाखर्च

पेढीचे संकेतस्थळ करावयाचे ठरले की पंधरवड्यात टेबलावर तीन दरपत्रके येऊन पडतात. एक ८,००० रुपयांचे, दुसरे ४५,००० रुपयांचे, तिसरे पावणेदोन लाखांचे. तिन्ही कागदांवरचे शब्द मात्र जवळजवळ सारखेच असतात : आकर्षक रचना, मोबाइलवर नीट दिसणारी पाने, डोमेन, होस्टिंग, एक वर्षाची देखभाल. दुकानाच्या फर्निचरचे दर मागविले तर सागवान कोणते आणि प्लायवुड कोणते हे व्यापाऱ्याला हाताने चाचपून कळते. येथे चाचपावयास काहीच नसते. मग जुनी सवय कामाला येते. मधला दर धरावयाचा, त्यातून पाच हजार कमी करून घ्यावयाचे आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावयाची. घासाघीस उत्तम होते. परंतु ज्या आकड्यावर ती होते त्यात खऱ्या खर्चाचा जेमतेम अर्धा भाग असतो, आणि जिच्यावर सर्वाधिक नजर ठेवावयास हवी त्या गोष्टीची किंमत तर वर्षाला हजार-दीड हजार रुपयांच्या पुढे सहसा जात नाही. ती गोष्ट म्हणजे नाव.

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही. वर्षाच्या मुदतीने घ्यावा लागतो आणि एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंतचे शुल्क भरून ठेवता येते. डॉट इन या भारतीय नावांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था सांभाळते. ग्राहकाशी प्रत्यक्ष व्यवहार मान्यताप्राप्त रजिस्ट्रार करतात. २०१४ पासून देवनागरी लिपीतील डॉट भारत हे नावही मिळू लागले आहे. या नोंदवहीत प्रत्येक डोमेनपुढे धारकाचे नाव आणि ई-मेल लिहिलेला असतो. गाळ्याच्या भाडेपावतीवर ज्याचे नाव त्याचा गाळा, तसाच हा प्रकार आहे. स्वस्त दरपत्रकात ‘डोमेन मोफत’ असे लिहिलेले असते तेव्हा ते अनेकदा संकेतस्थळ करणाऱ्याने आपल्याच खात्यातून, आपल्याच ई-मेलवर घेतलेले असते. पाटी पेढीची, पावती दुसऱ्याची.

पहिली दोन वर्षे याचा त्रास होत नाही. तो होतो ते काम करणारा तरुण नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यावर, किंवा नूतनीकरणाचा दर चौपट सांगितला गेल्यावर, किंवा नूतनीकरणाची सूचना ज्या ई-मेलवर जाते तो कोणी उघडतच नाही तेव्हा. डॉट कॉम नावाची मुदत टळली तर रजिस्ट्रार काही दिवस सवलत देतो. त्यानंतर ३० दिवसांचा असा काळ येतो की नाव परत मिळते, पण जबर शुल्क मोजून. पुढे ५ दिवसांनी ते नाव जगातल्या कोणालाही घेता येते. पेढीचा ई-मेल त्याच नावावर चालत असेल तर पत्रव्यवहारही त्याबरोबर थांबतो. बँकेचे निरोप आणि जीएसटी पोर्टलचे ओटीपी ज्या पत्त्यावर येतात तोच पत्ता नाहीसा होतो. डॉट इन नावांच्या वादासाठी निक्सीची लवाद-व्यवस्था आहे हे खरे. परंतु तेथे त्या नावावर आपला हक्क आहे आणि समोरच्याने ते दुष्ट हेतूने घेतले वा वापरले आहे, हे सिद्ध करावे लागते. आपणच नेमलेल्या माणसाने आपल्याच सांगण्यावरून घेतलेल्या नावाबाबत हे किती जड जाईल, याची कल्पना करावी.

म्हणून दर ठरविण्याआधी एवढे लेखी ठरलेले असावे की, नोंद पेढीच्या नावाने होईल, पेढीच्या मालकीच्या ई-मेलवर होईल, पैसे पेढीच्या बँक खात्यातून जातील आणि रजिस्ट्रारच्या खात्याची किल्ली पेढीकडे राहील. ही अट ऐकून ज्याचा चेहरा उतरतो त्याचे दरपत्रक कितीही स्वस्त असले तरी बाजूला ठेवलेले बरे.

व्यापारी कुटुंबांत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. संकेतस्थळाचे काम घरातल्या धाकट्या मुलाकडे किंवा पुतण्याकडे येते आणि तो सोयीसाठी स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या ई-मेलवर सगळी नोंद करून टाकतो. त्यात कपट काहीच नसते. पुढे भावाभावांची वाटणी होते. दुकान, गोदाम, येणे-देणे, पेढीच्या नावाचा वापर, सगळे पंचांसमोर लिहिले जाते; डोमेन, त्यावरचा ई-मेल आणि गूगलवरील दुकानाची नोंद यांचा उल्लेख मात्र वाटणीपत्रात सापडत नाही. कारण ती वस्तू दिसत नाही आणि तिची किंमत हजार रुपये आहे. वीस वर्षांच्या ग्राहकांची वाट मात्र त्याच हजार रुपयांच्या वस्तूवरून जात असते. भागीदारी पेढी असेल तर डोमेन पेढीच्या नावे हवे, व्यक्तीच्या नव्हे. आणि वाटणीपत्रात किंवा भागीदारीच्या करारात त्यासाठी एक ओळ पुरते.

होस्टिंग म्हणजे ज्या संगणकावर संकेतस्थळ ठेवलेले असते त्याचे भाडे. लहान पेढीला सामायिक सर्व्हर पुरतो आणि त्याला साधारणपणे वर्षाला काही हजार रुपये पडतात. पहिल्या वर्षाचा दर जाहिरातीचा असतो. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो आणि तोच विचारावा. दरपत्रकात ‘एसएसएल प्रमाणपत्र’ या नावाखाली चार-पाच हजार लावलेले असतील तर थोडे थांबावे. हे प्रमाणपत्र आवश्यक आहे. २०१८ पासून क्रोम ब्राउझर त्याशिवायच्या संकेतस्थळापुढे ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. परंतु ‘लेट्स एनक्रिप्ट’ ही ना-नफा व्यवस्था २०१५च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देत आहे आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ती आपोआप बसवितात. साध्या संकेतस्थळासाठी त्याचे वेगळे पैसे देण्याचे कारण सहसा नसते.

आता मजुरीकडे वळता येईल. वर्डप्रेस ही प्रणाली २००३ पासून उपलब्ध आहे आणि ती मोफत आहे. लहान व्यापाऱ्यांची बहुसंख्य संकेतस्थळे तिच्यावरच उभी राहतात. साहित्य फुकट असूनही दर वेगळे का, याचे उत्तर श्रमात आहे. ८,०००च्या कामात तयार साचा घेऊन त्यात पेढीचे नाव, फोन आणि पाच-सहा छायाचित्रे भरली जातात. ते काम दोन दिवसांचे असते आणि दोन दिवसांच्या कामाचा तो रास्त मोबदलाही असेल. तेवढेच हवे असेल तर त्यात वावगे काही नाही. ४५,०००च्या कामात, ते प्रामाणिक असेल तर, कोणीतरी पेढीवर येऊन बसते. माल काय, ग्राहक कोण, तो फोनवर पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे टिपून घेते. मजकूर लिहिते, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. जुन्या मोबाइलवर आणि मंद नेटवर्कवर पान किती वेळात उघडते ते तपासते. पावणेदोन लाखांच्या कामात बहुधा खरेदी-विक्री, साठ्याची नोंद आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी असते. ती पेढीला हवी आहे की नाही, हा निराळा प्रश्न.

उदाहरणादाखल सांगलीच्या एखाद्या हळदीच्या पेढीचा विचार करावा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. (ते आपल्या पुड्यावर वा संकेतस्थळावर मिरवावयाचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते, हे जाता जाता ध्यानात ठेवावे.) समजा, वडील घाऊक व्यापार पाहतात आणि मुलगा हळद पावडरीची लहान पाकिटे काढून थेट ग्राहकांना विकू इच्छितो. एकाच छपराखालच्या या दोन व्यवसायांना लागणारी संकेतस्थळे अगदी भिन्न आहेत.

घाऊक व्यापारात इंदूरचा किंवा चेन्नईचा खरेदीदार संकेतस्थळावर पैसे भरणार नाही. तो फक्त खात्री करून घेणार : पेढी खरी आहे का, किती वर्षांची आहे, जीएसटी क्रमांक काय, कोणत्या जातीचा आणि प्रतीचा माल ठेवते, गोदाम कोठे आहे, बोलावयाचे कोणाशी. सहा पाने, गोदामाची आणि मालाची स्वच्छ छायाचित्रे, एक फोन क्रमांक. याचा तीन वर्षांचा जमाखर्च असा मांडता येईल. डोमेन वर्षाला १,००० प्रमाणे ३,०००, होस्टिंग ४,००० प्रमाणे १२,०००, बांधणी आणि मजकूर ४०,०००, छायाचित्रकार ८,०००, पहिल्या वर्षानंतरची देखभाल ६,००० प्रमाणे १२,०००. एकूण ७५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १३,५००, म्हणजे ८८,५००. सर्व बिले नोंदणीकृत व्यावसायिकांची असतील, तर करपात्र विक्री करणाऱ्या नियमित नोंदणीच्या पेढीस त्या १३,५००चे क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील पेढीस मिळत नाही, तिला तो खर्चच पडतो. आकडे गावोगाव बदलतील, प्रमाण लक्षात घ्यावे. ज्या ४०,०००वर सारी घासाघीस झाली तो एकूण खर्चाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग आहे. देखभाल वगळून पैसे वाचविणाऱ्यांची संख्या मोठी असते. वर्डप्रेस आणि त्याचे जोडभाग वरचेवर अद्ययावत करावे लागतात. न केल्यास त्यातील जुन्या फटींतून परके लोक शिरतात आणि एके दिवशी हळदीच्या पानावर जुगाराची जाहिरात दिसू लागते.

या हिशेबात एक खर्च लिहिलेला नाही, कारण त्याचे बिल येत नाही. मजकूर आणि छायाचित्रे देण्याचे काम पेढीकडेच असते आणि बहुतेक संकेतस्थळे तेथेच सहा-सहा महिने अडकून पडतात. जातींची नावे, प्रतींचे वर्णन, पेढीचा इतिहास हे बाहेरच्या माणसाला कसे ठाऊक असणार? घरातले एक माणूस चार-पाच दिवस या कामाला मोकळे करावे लागते, आणि हंगामात ते मोकळे होत नाही.

मुलाच्या पाकिटांचा हिशेब वेगळा आणि अधिक कठीण आहे. संकेतस्थळावर दुकान मांडण्याचा खर्च माहितीच्या संकेतस्थळापेक्षा दुप्पट-तिप्पट धरावा, परंतु खरी कसोटी प्रत्येक विक्रीगणिक लागते. समजा, ५०० रुपयांची मागणी आली आणि त्यात २५ टक्के, म्हणजे १२५ रुपये, ढोबळ नफा आहे. कुरिअरचे ९० गेले, खोक्याचे १५ गेले. पेमेंट गेटवेची आकारणी साधारण २ टक्के धरली तर १० रुपये आणि त्यावर जीएसटी १.८०. एकूण ११६.८०. हाती उरले ८ रुपये २० पैसे. २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापारी सवलत दर शून्य आहे. तरी गेटवे आपल्या सेवेचे स्वतंत्र शुल्क लावतो का, ते करारात पाहावेच लागते. माल पोहोचल्यावर पैसे देण्याची सोय ठेवली आणि ग्राहकाने पाकीट परत पाठविले, तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे पेढीच्या अंगावर पडते. एक परत आलेले पाकीट वीसहून अधिक विक्रींचा नफा खाऊन टाकते. म्हणून एका पाकिटाऐवजी किलोची मागणी यावी, तीन मसाल्यांचा संच विकला जावा, अशी रचना आधी करावी लागते. हे संकेतस्थळ करणाऱ्याचे काम नव्हे, व्यापाऱ्याचे आहे, आणि यात जुन्या पिढीचा सल्ला कोणत्याही दरपत्रकापेक्षा मोलाचा ठरतो.

कायद्याचा खर्चही येथेच येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि संकेतस्थळावरची मागणी तर सुरतेहून किंवा रायपूरहूनही येते. तेव्हा दुकान उघडण्याआधी करसल्लागाराला विचारून योजना बदलावी लागेल, किंवा संकेतस्थळावर महाराष्ट्राबाहेरचे पिनकोड बंद ठेवावे लागतील. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे विक्रीच्या संकेतस्थळावर पेढीचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव असावे लागते. तक्रार आल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. वेष्टनातील मालाचे निव्वळ वजन, कमाल किंमत आणि उत्पादकाचे वा पॅकिंग करणाऱ्याचे नाव पाकिटावर असते तसे पानावरही द्यावे लागते. दरपत्रकात ही पाने धरलेली आहेत का, हे विचारले की समोरच्या माणसाने यापूर्वी खरोखर दुकान उभे केले आहे की नाही ते कळून येते.

पैसे देऊन करवून घेतलेली वस्तू आपली, अशी व्यापाऱ्याची स्वाभाविक समजूत असते. संकेतस्थळाच्या बाबतीत ती अपुरी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार बाहेरच्या व्यावसायिकाकडून पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्रांचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे राहतो. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या विकसकाने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक तो विकसकच असतो. हक्क पेढीकडे यावा यासाठी त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षेच धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच हस्तांतर मानतो. वर्डप्रेसवरच्या साध्या कामात याची झळ फारशी लागत नाही, कारण त्या प्रणालीचा परवानाच मुक्त आहे. खास पेढीसाठी लिहून घेतलेले मागणीचे किंवा साठ्याचे सॉफ्टवेअर असेल तर मात्र ही दोन वाक्ये करारात हवीतच. संकेतस्थळाची पूर्ण प्रत दर तीन महिन्यांनी पेढीच्या स्वतःच्या डिस्कवर यावी, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

अतिस्वस्त दराचे आणखी एक कारण असते आणि जैन व्यापाऱ्याने त्याकडे डोळेझाक करू नये. विकत घ्यावयाचे साचे आणि जोडभाग बाजारात चोरून, परवाना तोडून मिळतात. इतरांच्या संकेतस्थळांवरची छायाचित्रे उचलली जातात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरून आणलेली वस्तू घेणे, तदाहृतादान, हा एक आहे. चोरी स्वतः केली नाही एवढ्याने तेथे सुटका होत नाही. व्यवहारातही होत नाही : परवाना तोडलेल्या साच्यांत अनेकदा घातक संकेत दडविलेले असतात आणि छायाचित्राचा मालक नुकसानभरपाई मागतो ती पेढीकडे. परवाने कोणत्या नावावर आहेत आणि त्यांच्या पावत्या कोठे आहेत, एवढे विचारण्यात कसलाही संकोच नको.

‘पहिले पन्नास अभिप्राय आम्ही लिहून देऊ’ हीही अशा कामात सहज दिली जाणारी देणगी असते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख लिहिणे. ग्राहक बनून लिहिलेला अभिप्राय याहून निराळा काय असतो? २०२० च्या नियमांनीही विक्रेत्याला ग्राहक म्हणून खोटे अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे. ‘फक्त दोनच पाकिटे शिल्लक’ असे खोटेच दाखविणारे घड्याळ आणि शेवटच्या पायरीवर गुपचूप वाढणारी किंमत यांनाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आक्षेपार्ह ठरविले आहे. तयार साच्यांत ही घड्याळे आधीच बसविलेली असतात. ती काढून टाका, असे सांगावे लागते. सांगितले नाही तर ती पेढीच्या नावाने चालू राहतात.

संकेतस्थळ मुळीच नको, असेही दुकान असते. गल्लीतल्या किराणा दुकानाचा ग्राहक अर्ध्या मैलातला. त्याला वेळ आणि फोन कळला म्हणजे झाले. गूगलवर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते, नकाशावर जागा दिसते, छायाचित्रे ठेवता येतात. तेथेही खाते कोणाच्या ई-मेलवर आहे हा प्रश्न उरतोच. बाकी खर्च शून्य.

हळदीच्या पेढीने दोन्ही कामे एकदम हाती घेण्याची गरज नाही. आधी सहा पानांचे माहितीचे संकेतस्थळ करावे आणि त्याच डोमेनवर दुकानासाठी जागा राखून ठेवावी. मुलाने वर्षभर पाकिटांच्या मागण्या व्हॉट्सअॅपवर घ्याव्यात, आणि प्रत्येक मागणीपुढे गाव, वजन, कुरिअरचा खर्च आणि ग्राहकाला पेढीचा पत्ता कोठून कळला हे वहीत लिहून ठेवावे. दुकानाचा दुसरा टप्पा करावयाचा की नाही, हे पुढच्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर त्या नोंदी समोर ठेवून ठरविता येईल.